अप्पांची झील

लॉईडला आमच्या घरी मीच आणला. दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही, हेच जास्त झोंबतं.

मला गिटारवाला हवा होता. अंधेरी-गोरेगावच्या छोट्या कॅफेंमधून मी आमची कोकणातली जाखडीची गाणी गाते. थोड्या खुर्च्या, कोल्ड कॉफी पिणारी पोरं, एक माईक. नुसत्या ढोलकीवर तिथे भागत नाही. लॉईड गोराईचा, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला, हाताला गोड. म्हटलं, ये बोरीवलीला, घरीच प्रॅक्टिस करू. आला, आणि बघता बघता अप्पांच्या शेजारी मांडी घालून बसायला लागला. "अप्पा, ही चाल परत सांगा ना." की अप्पा परत सांगणार! लहानपणी मी परत विचारलं की नुसते डोळे वटारायचे. याला मात्र परत, वर चहा. माझ्या वाटणीची खारी बिस्किटंसुद्धा त्याच्याच बशीत.

अप्पा म्हणजे माझे वडील, शाहीर गुणाजी. जाखडीत शाहीर पुढे उभा राहून ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले त्या ओळीचा शेवट उचलून लांब ओढतात. ती झील. मी परकरात असल्यापासून अप्पांच्या मागे झील ओढत आले. पुढे त्यांनी मला कधी उभं केलं नाही. पोरगी ना मी! आणि ते स्वतः कधी कुणाच्या मागे उभे राहिले नाहीत. "शाहीर झील देत नाय," हे त्यांचं ठरलेलं. मला आयुष्यात त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मी पुढे आणि अप्पा मागे, एका गाण्यापुरतं तरी.

परवाच्या रविवारी ते पहिल्यांदाच माझं गाणं ऐकायला आले. अंधेरीत केयूरच्या कॅफेची गच्ची, संध्याकाळची वेळ. इस्त्रीचा सदरा, टोपी, पुढ्यात कोल्ड कॉफी, आणि तो स्ट्रॉ कुठल्या बाजूने धरायचा हे बघत बसलेले अप्पा. मी मनातून फुलून गेले होते. शेवटी त्यांचंच गाणं गायचं ठरवलं होतं, 'खाडीच्या पल्याड दिवा लागला'. बोरीवलीत राहून गावच्या आठवणीत त्यांनी रचलेलं.

माझ्या आधी लॉईडला एकट्याला एक गाणं होतं. त्याने माईक ओढला आणि म्हणाला, "हे गाणं मला गुणाजीअप्पांनी दिलं."

दिलं? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. मला कुणी दिलं होतं? मी दाराआडून ऐकून ऐकून उचललं होतं ते!

"खाडीच्या पल्याड दिवा..." त्याने ओळ टाकली आणि थांबला.

मला वाटलं, विसरला मेला. बरं झालं. वाट लागली याची. खोटं कशाला बोलू, आतून उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अप्पा उठले. गुडघ्यावर हात देत, टोपी सारखी करत चार माणसांतून वाट काढत गेले आणि लॉईडच्या मागे उभे राहिले. एक हात कानावर. "दिवा लागला, गं लागला..." अशी ओढली की खालच्या रस्त्यावरची रिक्षावाली मंडळी वर बघायला लागली. लॉईड पुढे, अप्पा मागे. सगळं गाणं तसंच झालं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी पण वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

मग जिन्यापाशी गाठलं मी त्यांना. "मी मेले होते का अप्पा? इतकी वर्षं तुमच्या मागे घसा फोडला. आणि त्या कालच्या पोराच्या मागे उभे राहिलात? शाहीर झील देत नाही ना?"

"अगं, तो थांबला," अप्पा म्हणाले.

"थांबला म्हणजे? विसरला तो!"

"विसरला नाय. त्यांच्या चर्चात एकानं ओळ घ्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. तशी त्याला सवय. त्यानं जागा ठेवली. कुणी गेलं नसतं तर तोंडावर पडला असता पोर."

"आणि मी पडले असते तर चाललं असतं?"

"तू कुठं थांबतेस?" आता त्यांचाही आवाज चढला. "ओळ पण तूच, झील पण तूच. त्या दिवशी घरी तू हेच गात होतीस तर मी तोंड उघडलं होतं. तू शेवट पण घेऊन टाकलास. मी मग पाणी प्यालो."

एकटीच गायची सवय ना. मागे कुणी नसतं, म्हणून शेवटही मीच ओढायचे. त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, तांब्या हातात होता, हे आठवलं. तहान लागली असेल म्हटलं होतं मी.

तिकडे केयूर माईकवरून माझं नाव घेत होता.

गेले. लॉईड गिटार घेऊन माझ्या मागे स्टुलावर बसला. त्याला वाटलं, मी आता दुसरं काहीतरी घेईन. मी तेच घेतलं. लोक चुळबुळले. चुळबुळू देत.

"खाडीच्या पल्याड दिवा..."

शेवट अगदी जिभेवर आला होता. दात आवळून गिळला आणि गप्प उभी राहिले. आत मिक्सरमध्ये कुणीतरी बर्फ फिरवत होतं. अप्पा स्ट्रॉ चोखत बसले होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. नाही येणार, मला वाटलं. लॉईडसाठी उठले, माझ्यासाठी नाही उठणार.

मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. परत गुडघ्यावर हात, परत टोपी. यायला इतका वेळ लावला की मला ओरडावंसं वाटलं, अहो लवकर! आले. माझ्या मागे उभे राहिले. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवला.

"दिवा लागला, गं लागला..."

आवाज जरा फाटला. मी ऐकत होते ते वेगळंच. लॉईडच्या वेळी जास्त लांब ओढली होती का? नाही. माझीच लांब होती. निदान तेवढीच होती.

तेवढ्यात लॉईडनेही सूर लावायला तोंड उघडलं. मागे न बघता मी टाचेने त्याच्या स्टुलाला लाथ घातली.

लॉईड गप्प बसला, आणि पुढची ओळ मी अर्धीच सोडली.