ऊलरिकाबाईंचं विरजण

आमच्या सासूबाईंना, म्हणजे ऊलरिकाबाईंना, घराण्याचा इतिहास विचारला की त्या दह्याचं मडकं पुढे करतात. शिडाच्या जहाजानं स्वीडन सोडताना त्यांनी पणजीच्या दह्यात रुमाल बुडवून वाळवला आणि अमेरिकेत, मिनेसोटात पोचल्यावर तो इथल्या दुधात टाकला. दही लागलं तेव्हा त्या ढसाढसा रडल्या म्हणे. तेच विरजण आजतागायत चालू आहे.

मी पडले नॉर्वेची. त्यामुळे लग्न झाल्यापासून मला मडक्याला हात लावायची बंदी! "नॉर्वेच्या हातानं दूध नासतं," हे ठरलेलं वाक्य.

काल पुन्हा तेच ऐकलं आणि मी हातातली कळशी आपटली. तसे चुलीशी पाय शेकत बसलेले सासरे खो खो हसत सुटले.

"अगं ऊलरिका, जहाजावर तुझ्या त्या रुमालात मी नाक शिंकरलं होतं."

"काय?"

"मग तुझ्या भीतीनं खसाखसा धुतला. इथं पोचल्यावर ज्या बाईच्या गोठ्यात आपण मुक्काम केला, तिच्या दह्यात बुडवून, वाळवून गुपचूप जागेवर ठेवला."

"कोण बाई?"

"नॉर्वेची होती बिचारी."

सासूबाईंनी मडक्यात बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा चाटलं. मग मडकं उचलून माझ्या हातात कोंबलं.

"घे, सांभाळ. तुझ्या माहेरचं आहे. बिघडलं ना, तर आता नाव तुमचंच जाईल!"