मागच्या जन्मी मी तांब्या होतो

मी एक जुनी पितळी घंटी आहे, मित्रांनो. हरसूलच्या डोंगरउतारावर बहिरूबाबांचं घर आहे. त्या घरच्या ढवळी गाईच्या गळ्यात मी राहते. ढवळीनं मान हलवली की मी बोलते, ती झोपली की मीही झोपते. घंटी म्हणून माझं वय फार नाही. जुनं आहे ते माझं पितळ. कारण मागच्या जन्मी मी तांब्या होतो.

हसू नका. त्या जन्मी 'तो' होतो, या जन्मी 'ती' झाले. पितळाला त्याचं काही वाटत नाही.

नाशिकच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीचे बारीक ठसे माझ्या पोटावर चांदण्यांसारखे उमटले होते. सगुणाबाई लग्न होऊन या घरी आली, तेव्हा मी तिच्या रुखवतात होतो. पुढं तिच्या धाकट्या दिराशी, म्हणजे बहिरूबाबांशी, तिच्याच धाकट्या बहिणीचं लग्न झालं. ती लंकाबाई. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या आणि घरात हसण्याला तोटा राहिला नाही.

काय दिवस होते ते! रोज सकाळी चिंच लावून सगुणाबाई मला घासायची. मी असा लखलखायचो की चिमण्या माझ्यात तोंड बघायच्या. दुपारी शेताच्या बांधावर, सावलीत, तोंडावर पळसाचं पान घेऊन मी बसून राहायचो. आधी सगुणाबाई प्यायची, मग लंकाबाई. लंकाबाईच्या हनुवटीवरून निम्मं पाणी सांडायचं. "आगं, तोंड कुठं हाय तेवढं तरी शोध," सगुणाबाई म्हणायची. आल्यागेल्यांना वाटायचं, या तांब्यातलं पाणी गोड लागतं. मला ठाऊक होतं, गोडी माझी नव्हती.

मग एका वर्षी भातसोंगणीच्या दिवसांत सगुणाबाई गेली. लंकाबाईनं मला फळीवर ठेवलं. कुणाला हात लावू देईना. मित्रांनो, न वापरलेलं भांडं लवकर म्हातारं होतं. मी हिरवा पडलो, बुडाला भोक पडलं. बहिरूबाबांना ते बघवेना. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी मला धोतराच्या सोग्यात लपवून ओताऱ्याकडं नेलं, आणि माझ्या जागी माझ्यासारखाच दिसणारा दुसरा तांब्या गुपचूप फळीवर ठेवला.

"एवढ्याशा पितळाचं काय करू, बाबा?" ओताऱ्यानं विचारलं.

"गाईला घंटी कर. घरातच राहील. आन म्हातारीला सांगू नको, रडत बसंल."

आगीत सगळं विसरायला होतं म्हणतात. मी नाही विसरले. मुशीत मी आधी लाल झाले, मग पातळ झाले, मग मातीच्या साच्यात काळोखात उतरले. बाहेर आले तेव्हा पोटात लोलक होता, आणि मला आवाज होता! जन्मभर पाणी दिलं होतं, आता गाणं मिळालं. त्या आनंदात मी पहिले कितीतरी दिवस विनाकारण वाजत होते.

लंकाबाईला मात्र यातलं काही कळलं नाही. ती रोज फळीवरच्या त्या परक्या तांब्याला हात जोडायची.

सगुणाबाईचा मुलगा संतोष ओझरच्या कारखान्यात कामाला आहे. तो नाशकात द्वारका चौकाजवळ राहतो. त्याची लेक आरोही चार वर्षांची झाली आणि एकदा जेवता जेवता म्हणाली, "मी मोठी होते ना, तेव्हा माझी गाय होती."

फोनवर हे ऐकलं आणि लंकाबाई जागची उठली. "सगुणा आली! मला ठाऊकच व्हतं, ती मला सोडून राहायची नाय." त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. आपली बहीण खरंच परत आली का, एवढं एकच तिला कळायला हवं होतं.

वसुबारसेला संतोष सगळ्यांना घेऊन आला. ढवळीची शिंगं रंगवली होती, गळ्यात झेंडूची माळ होती, माळेखाली मी होते. लंकाबाईनं शेजारपाजारचे तांबे मागून आणले, त्यांच्यामध्ये फळीवरचा तांब्या ठेवला, आणि अंगणात ओळ मांडली. मागच्या जन्मीची वस्तू मूल ओळखतं, अशी आमच्याकडं समजूत आहे.

आरोहीची आई वैष्णवी घाबरली. "मावशी, सगळीच मुलं असं बोलतात हो. परवा म्हणाली, मी मोठी होते तेव्हा रिक्षा चालवायचे."

"सगुणा कधी रिक्षात बसली बी नाय!"

"मग ते मधल्या जन्मातलं आसंल," बहिरूबाबा म्हणाले. सगळे हसले. बाबा मात्र आत कुठंतरी कासावीस होते, ते मला दिसत होतं.

"बाय माझी, यातला तुझा तांब्या कंचा गं?" लंकाबाईनं विचारलं.

आरोहीनं एक तांब्या डोक्यावर टोपीसारखा घातला. "हा!" तो शेजाऱ्यांचा होता. "नीट बघ, सोन्या." "मग हा. आणि हा पण." फळीवरच्या तांब्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग तिला गाय दिसली, आणि ती सगळं टाकून ढवळीकडं पळाली.

लंकाबाई ओट्यावर बसली. "नाय आली," ती हळूच म्हणाली. "माझी सगुणा दुसरीकडंच कुठं गेली."

बहिरूबाबांना राहवलं नाही. "लंके, पोरीला नावं ठिवू नको. त्या वळीत वैनीचा तांब्या नायच. फुटला व्हता. म्या वितळवून आणला."

"मग कुठं हाय?"

बाबांनी काठी उचलून माझ्याकडं दाखवलं. आरोही ढवळीच्या गळ्याला बिलगली होती. दोन्ही हातांनी मला धरून खदाखदा हसत होती.

"म्हंजी इतकी वरसं म्या बाजारच्या तांब्याला हात जोडले?"

"जोडलेस त्ये काय वाया गेलं व्हय?"

संतोषचे डोळे मोठे झाले. "म्हणजे हिनं बरोबर..."

"अहो, घंटी दिसली की कुठलंही मूल पळणारच," वैष्णवी घाईनं म्हणाली. मग सगळे लंकाबाईकडं बघू लागले.

लंकाबाई उठून आली. तिनं आधी माझ्यावर हात ठेवला, मग आरोहीच्या डोक्यावर. "भिऊ नको, सूनबाई. पोर तुझी हाय, आन ती आरोहीच हाय. मी एवढीशी व्हते, तवा सगुणा मला कडंवर घिऊन नदी वलांडायची. आता मी घेते. सगुणा आसंल, तर माझी पाळी आली. नसंल, तर एक लेकरू कडंवर बसलं. माझं काय गेलं?"

आणि तिनं त्या थोराड पोरीला उचललं. गुडघे कुरकुरले, पण ती अंगणभर फिरली, गातच फिरली:

*माझ्या अंगणात, कोण आलं ते कळंना*
*कडंवर घेतलं, हात सुटता सुटंना*

वैष्णवी हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

मित्रांनो, आरोहीनं मला ओळखलं का? खरं सांगते, मला ठाऊक नाही. तिची बोटं अगदी नवी होती. ऊब म्हणाल, तर ती प्रत्येक लेकराच्या हाताला असते. पण तुमच्या घरातलं लहानगं 'मी मोठी होते तेव्हा' असं म्हणालं, तर त्याची परीक्षा घेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "मग काय झालं?" जुनं भांडं फळीवर पुजून ठेवू नका, वापरा. आणि दारात जो येईल त्याला आपलं माणूस समजून पाणी द्या. ओळख पटायची वाट कशाला बघायची?

माझं म्हणाल, तर मीही एक दिवस पुन्हा मुशीत जाईन. मला भीती नाही. कोण जाणे, पुढच्या जन्मी समई होऊन तुमच्याच घरी येईन. तेवढं थोडं तेल काढून ठेवा.