सहीवाचून राहिलेला शब्द

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात एक जुना नियम होता. ज्याने नोंद लिहिली, त्याची पेन्सिलीची सही चिठ्ठीच्या कोपऱ्यात असल्याखेरीज ती नोंद छापखान्याकडे जात नसे. चूक निघाल्यास कान कोणाचा पिळायचा हे ठाऊक असावे, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू.

मौनी तिथे तीन वर्षे हंगामी होता. हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलेले. त्याने अर्थातच हरकत घेतली नव्हती. आजच्या बैठकीत त्याला कायम करण्याचा ठराव यायचा होता. घरी थोरली बहीण शिलाई मशीनवर डोळे फोडत होती. “तू कायम झालास की बाहेरचं शिवण बंद,” असे तिने सकाळीच बजावले होते.

ठरावाआधी एकच नोंद मंजूर व्हायची उरली होती: ‘टीम’. मौनीने तिच्यावर अकरा दिवस घालवले होते. हजार वर्षांपूर्वी हा शब्द म्हणजे पोरवडा, पिल्लावळ; एका कुशीतून आलेली. पुढे तो एका जुवाला जुंपलेल्या जनावरांना लागला. मग माणसांना, खेळाडू तर फारच उशिरा आले. कुशीपासून जुवापर्यंतची ती वाट लिहिताना त्याला उगाच गलबलून आले होते. पण गलबलण्यासाठी चिठ्ठीवर रकाना नव्हता.

अध्यक्षांनी चिठ्ठी दोन बोटांत धरली, मेलेले झुरळ धरावे तशी.

“बैल? अहो, वीस वर्षं मी टीमवर व्याख्यानं देतोय. ‘सगळे मिळून जास्त साधतात’ अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द, त्यांची पहिली अक्षरं म्हणजे टीम. शेंबडं पोरही सांगेल.”

“सर, हे... कुठं छापलेलं सापडेल?”

“प्रशिक्षणवाल्यांनी दिलं मला.”

प्रशिक्षण अधिकारी शेजारीच बसले होते. “आम्ही आधीच्या साहेबांकडून घेतलं.”

“आणि त्यांनी?”

“त्यांच्या टेबलावर एक कॅलेंडर असायचं,” अधिकारी म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

अध्यक्षांनी शब्दाचे मूळ मताला टाकले. हजार वर्षांचा इतिहास अर्ध्या मिनिटात दुरुस्त झाला. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंनीही, बस थांबवावी तसा, अर्धा हात वर केला.

“एकमत. आता एवढी ओळ घाला, सही करा, की लगेच तुमचा ठराव घेतो,” अध्यक्ष मायेने म्हणाले.

मौनीने पेन्सिल उचलली. बहिणीचे संध्याकाळी लाल होणारे डोळे त्याला आठवले आणि हात कागदाजवळ गेलाही. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“बाकी काहीही सांगा, सर. या ओळीखाली माझी सही नको.”

तीन वर्षांतले त्याचे हे सर्वांत लांब भाषण.

“राहिलं,” अध्यक्ष म्हणाले. “दुसरं कोणी करा. तुम्ही?”

“शब्दांची मुळं आमच्या खात्यात येत नाहीत,” प्रशिक्षण अधिकारी म्हणाले.

“बाई?”

“चष्मा विसरलेय हो मी,” नाकावरचा चष्मा सावरत बाई म्हणाल्या.

“मग तुम्हीच करा ना, सर,” अधिकाऱ्यांनी सुचवले.

“अध्यक्ष फक्त शेवटच्या पानावर सही करतात.”

ज्या ओळीसाठी सगळे हात वर गेले होते, तिच्याखाली टेकायला एकही हात खाली येईना. शेवटी ‘टीम’ हा शब्दच कोशातून गाळायचे ठरले, तेही एकमताने. मौनीच्या ठरावाचा कागद फायलीत परत गेला आणि त्याच्या हाती पत्र पडले: ‘सदर उमेदवार टीममध्ये मिसळत नसल्याने मुदतवाढ देता येत नाही.’

घरी बहिणीने मशीन थांबवून पत्र दोनदा वाचले, मग सगळी हकिकत ऐकून घेतली.

“एका शब्दापायी?”

“हो, ताई.”

“आणि तोही इंग्रजी?”

तिने मान हलवली, चाकाला हात लावला आणि डोळे बारीक करून अर्धी राहिलेली टीप पुढे घालू लागली.