दात्याच्या क्लॅरिनेटचे वय

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. किती जुनी, असे विचाराल, तर त्याचे उत्तर माझ्या अंगावर स्वच्छ लिहिलेले होते. होते म्हणते, कारण आता ते नाही. ते कुणी पुसले हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडले आहे. एरवी माणसांशी बोलायची मला मुळीच हौस नाही.

एका काताऱ्याने मला काळ्या, जड लाकडातून घडवले. लाकूड इतके चिवट, की त्याची हत्यारे बोथट होत आणि तो मला शिव्या घाली. चाव्या बसवून झाल्यावर कारखान्याने माझ्यावर आपला शिक्का मारला. एक चांदणी आणि तिच्याखाली नाव. ती चांदणी त्या कारखान्याने थोडीच वर्षे वापरली. त्यामुळे जाणत्या माणसाने नुसती चांदणी पाहिली, तरी माझे वय आणि मोल त्याला कळत असे.

पुढे मी एका हॉटेलच्या वाद्यवृंदात गेले. माझ्या वादकाचे वरचे दोन दात पुढे होते, म्हणून सगळे त्याला दात्या म्हणत. आम्ही वाजवायचो आणि समोर माणसे सूप भुरकायची. दात्याने जीव ओतून एखादा अवघड तुकडा वाजवावा आणि नेमके तेव्हाच कुणीतरी वेटरकडे मीठ मागावे! गाढवाला गुळाची चव काय? टाळ्या पडत, पण त्या केक आल्यावर.

दात्या मात्र दात रोवून वाजवी. तोंडात धरायच्या माझ्या माउथपीसवर वर्षानुवर्षे दात टेकून दोन खोबणी पडल्या होत्या. त्याच्या मुलीचे दातही तसेच. शाळेत पोरी चिडवत आणि ती रडत घरी येई. मग दात्या मला तिच्या तोंडाशी धरी.

"खोबणीत दात ठेव. बसले? बघ, असे दात क्लॅरिनेटसाठीच असतात. त्या पोरींना म्हणावं, तुमचे बसवून दाखवा."

ती फुंके आणि माझ्यातून बदक ओरडल्यासारखा आवाज येई. बापलेक पोट धरून हसत. मला मात्र लाजेने मेल्याहून मेल्यासारखे होई.

दात्या म्हातारा होऊन गेला आणि मी कपाटावर जाऊन पडले. मुलीने थोरल्या भावाकडे मला मागितले. "दादा, बाकी काही नको. बाबांची क्लॅरिनेट तेवढी मला दे."

"तुला वाजवता तरी येते का? जुनी वस्तू आहे, मोलाची असेल. आधी किंमत तर कळू दे," दिवटे चिरंजीव म्हणाले.

मग घरोघरचे पारखी जमले. शेजारच्या काकांनी मला उलटी धरून आत पाहिले आणि दोनशे वर्षांची ठरवली. उचलली जीभ लावली टाळ्याला! दादाच्या मेहुण्याने माझा वास घेतला आणि मी रबराची असल्याचे जाहीर केले. वास त्याच्याच बोटांना येत होता. अंगावरचा शिक्का वाचण्याचे मात्र एकालाही सुचले नाही.

शेवटी दादाने मला जुन्या वाद्यांच्या दुकानात न्यायचे ठरवले. पण मळकी वस्तू कशी न्यायची? त्याने पॉलिशपेपर आणला, बाह्या सरसावल्या आणि मला खसाखसा घासले. चांदणी गेली, नाव गेले. मग त्याने माउथपीस उचलला आणि नाक मुरडले. "शी, दातांच्या खुणा! कोण तोंडात घालेल हे?" असे म्हणून त्याने कानस लावली. वर तेल चोपडून बायकोला दाखवले. "बघ, कालची वाटते की नाही?" एवढ्या एका वाक्यात त्याची सगळी अक्कल आली.

दुकानात बहीणही आली होती. तिथल्या पारखी बाईंनी भिंग लावून मला फिरवून फिरवून पाहिले.

"इथे शिक्का असणार. कुठे गेला?"

"चांदणीसारखं काहीतरी होतं. मळलेलं होतं, मी साफ केलं."

बाईंनी भिंग खाली ठेवले. "अहो, तोच तर हिचा जन्मदाखला! आता ही कुणाची, कधीची, मी काय सांगू? लाकूड चांगलं आहे. लोक अशांचे टेबलावरचे दिवे करतात."

तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. दादाने मला बहिणीकडे सरकवले. "घे, तूच घे. तुझ्यासाठीच चमकवलीय असं समज."

तिचा चेहरा उजळला. तिने तिथेच मला तोंडाला लावले. दात टेकवले, ते घसरले. पुन्हा टेकवले, पुन्हा घसरले. तिने माउथपीस काढून डोळ्यांजवळ नेला.

"दादा, इथे बाबांचे दात होते."

"अगं, तेच तर घासून काढलं. किती घाण दिसत होतं!"

मित्रांनो, चांदणी गेल्याचा मला राग आला होता, पण तिच्याकडे मला बघवेना. माझी खरी किंमत त्या घरात तिला एकटीला ठाऊक होती आणि तिलाच कुणी विचारले नव्हते.

तेव्हा जुनी वस्तू हाती आली, की लगेच घासायला बसू नका. आधी विचारा. विकायला निघालेल्याला नव्हे, ती जपायला मागणाऱ्याला विचारा. तुम्ही ऐकाल असे मला वाटत नाही, पण सांगून ठेवते.

आता ती मला रोज वाजवते. भिकार वाजवते, बदक अजून तेच आहे. परवा मला पुसताना तिने माउथपीस उजेडात धरला. त्यावर दोन बारीक ओरखडे उमटले होते. तिने ते अंगठ्याने चाचपले आणि फडके बाजूला ठेवले. तेवढ्यात दारात दादाचा आवाज आला. तिने मला पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले.