जावईबापूंनी मागची बाजू बघितली नाही

मित्रांनो, मी संगणकातला एक जुना मदरबोर्ड आहे, म्हणजे सगळे भाग जोडून घेणारा मुख्य बोर्ड, आणि मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

कारखान्यातून निघालो तो एका शिक्षिकेच्या घरी आलो. बाईंना दिसत नसे आणि त्या अंध मुलांच्याच शाळेत शिकवत. माझ्या मागच्या बाजूला केबल जोडायचं जुन्या पद्धतीचं एक रुंद पोर्ट आहे. त्यात त्यांचा ब्रेल छापणारा प्रिंटर जोडलेला असे. तेरा वर्षं आम्ही प्रश्नपत्रिका छापल्या. काम झालं की बाई संगणकाच्या डब्यावर हात ठेवून म्हणत, "गुणाचा आहे रे माझा." मला तेवढं पुरायचं.

मग लेकीचं लग्न झालं आणि घरात जावईबापू आले. "आई, हा बोर्ड म्हातारा झालाय. मी नवा बसवून देतो," ते म्हणाले. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. सगळं जुळतंय ना, हा प्रश्न बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण नव्या जावयाला असं कसं विचारायचं? त्यांनी तो प्रश्न गिळला. जावईबापूंनी मला उपटलं, "भंगार!" म्हणाले आणि गॅलरीतल्या खोक्यात, मोडक्या नळांवर टाकलं. मी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

माझा जुना प्रोसेसर नव्या बोर्डावर बसेना. मेमरीची खाच भलतीकडेच. दाबून दाबून त्यांचा अंगठा लाल झाला. धावले दुकानात. परत आले तर वीजपुरवठ्याचा प्लग अपुरा. पुन्हा धावले. खोक्यात पडून मी त्यांची प्रत्येक फेरी मोजली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचं यंत्र सुरू झालं. जावईबापूंनी कॉलर ताठ केली, प्रिंटरची रुंद केबल उचलली आणि मागे गेले. जोडायला जागाच नव्हती! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

प्रश्नपत्रिका संध्याकाळी शाळेत पोचवायच्या होत्या. जावईबापू खाली मान घालून खोक्यापाशी आले. मला पुसलं, फुंकलं, मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या आणि जुन्या प्रोसेसरसकट मला परत डब्यात बसवलं. तीनदा त्यांनी बटण दाबलं आणि तीनदा मी नुसता पीं पीं ओरडलो. चौथ्यांदाही रडवणार होतो, पण बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी डब्यावर हात ठेवला. माझं वैर त्यांच्याशी नव्हतं. मी सुरू झालो.

प्रिंटर खडखडला. पहिल्या पानावरून बोटं फिरवत बाई हळूच म्हणाल्या, "जावईबापू, काढायच्या आधी मागची बाजू बघितली होती का?"

"नाही, आई."

"मी तेव्हाच विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले.

मित्रांनो, जुना बोर्ड काढण्याआधी प्रोसेसर, मेमरी, प्लग आणि मागची सगळी पोर्टं नव्याशी जुळतात का ते बघा. आणि दुसरा कुणी काढत असेल तर विचारा, मग तो जावई का असेना.

नवा बोर्ड आता त्याच खोक्यात, मोडक्या नळांवर पडला आहे. त्या बिचाऱ्याची काहीच चूक नाही, हे मला कळतं. तरी बरं वाटतं.