एक माणूस कमी असलं की

शालनला लेकीच्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण म्हणून गप्प बसेल ती शालन कसली! नवी पेठेतल्या कापडदुकानात गिऱ्हाईक सोडून ती मोबाईलला चिकटली होती. तिकडं लेहला तिची बुद्धप्रिया राज्याच्या संघातून बर्फावरची हॉकी खेळत होती.

नवरा गेला तेव्हा शालननं या पोरीला अकलूजला मावशीकडं ठेवलं. पोर तिथंच स्केटिंग शिकली, मोठी झाली, पण आईशी बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ एवढ्यावरच राहिलं. मनात अढी धरलीय हिनं, हे शालनला सलायचं. आज खेळाच्या निमित्तानं तरी तिनं चार शब्द जास्त बोलावेत, एवढीच तिची आस.

आणि काय सांगावं! बुद्धप्रियानं स्वतःच्या गोलाजवळून काळी चकती अशी हाणली, की कुणाच्या काठीला न लागता थेट पलीकडच्या टोकाला.

“आगं बया, सिक्सर!” शालन ओरडली आणि चहाच्या डब्यातली साखर मालकासकट सगळ्यांच्या हातावर ठेवून मोकळी झाली.

संध्याकाळी तिनं फोन लावला. “लई लांब मारलीस की गं!”

पलीकडून चक्क हसू आलं. “आई, ती चूक होती. आयसिंग म्हणतात त्याला.”

“लांब मारली तर चूक? हा कुठला न्याय?”

“अगं, अडचणीत सापडलो म्हणून आपल्या अर्ध्या भागातून चकती पार टोकाला भिरकावायची नाही. शिट्टी वाजते, खेळ परत आपल्याच गोलापाशी आणतात. वर दमलेल्या पोरी बदलताही येत नाहीत.”

अडचणीत सापडल्यावर शालननंही पोरीला लांबच धाडलं होतं. “बरोबर हाय,” ती म्हणाली. “करावं तसं भरावं.”

बुद्धप्रियानं तिला तिथंच थांबवलं.

“आई, पुढचं ऐक. आपली एखादी खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसली, एक माणूस कमी असलं, की तसं मारलेलं चालतं. तेव्हा शिट्टी वाजत नाही.”

“असं व्हय?”

“आपल्या घरातही एक माणूस कमीच होतं की तेव्हा.”

शालननं पदर तोंडाला लावला.

“आई, आहेस ना?”

“हाय की.” ती रडता रडता हसली. “आता दुसरा नियम सांग.”