त्रांकिलोचं रक्त

पनामाच्या रेसकोर्सवर घोड्यांचं रक्त दर महिन्याला तपासतात. जॉकींचं फक्त वजन करतात. आब्दिएल सामुदिओचं शर्यतीच्या दिवशी बरोब्बर एकशे बारा पौंड भरायचं, कारण जॉकींच्या खोलीतल्या तीन बेसिनांपैकी एक हात धुण्यासाठी नव्हतं. जेवण आलं त्या वाटेने तिथे परत जायचं. चार वर्षं हेच. दात मागून झिजले होते. कानांखाली गाल सुजले होते. शेजारणी म्हणायच्या, पोरगं भरलंय. पोटऱ्यांत गोळे यायचे आणि हल्ली काळीज एक ठोका गाळून मग दोन एकदम टाकायचं.

"रक्त दे," तबेल्यात घोड्यांचं रक्त काढणारी त्याची मावसबहीण यारिनेत म्हणाली.

"माझ्या नावावर पाठवलंस तर क्लबचा डॉक्टर रविवारी मला घोड्यावर बसू देणार नाही."

"मग कुणाच्या नावावर पाठवू? पोपच्या?"

शेजारी त्रांकिलो, रविवारी आब्दिएल ज्यावर बसणार होता तो घोडा, गवत चघळत होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

शनिवारी यारिनेत सुट्टीवर होती. लॅबचा फोन ट्रेनर डॉन मेलितोनला आला.

"ते म्हणतात, हा घोडा अजून उभा कसा?" मेलितोनचा आवाज फाटला. "पोटॅशियम तळाला गेलंय. काळीज कधीही बंद पडेल. रक्तपेशीसुद्धा म्हणे घोड्याला शोभत नाहीत!"

तो त्रांकिलोच्या गळ्यात पडून रडला. त्रांकिलोने त्याची टोपी खाल्ली.

"भूक तर आहे," आब्दिएल म्हणाला.

"शेवटची इच्छा असेल रे ती!"

घोड्यांची डॉक्टरीण पोटॅशियमची बाटली घेऊन आली आणि त्रांकिलोच्या मानेवरचे केस भादरू लागली.

"बाई," आब्दिएलने विचारलं, "धडधाकट घोड्याला हे दिलं तर?"

"मरेल. धडधाकट घोड्याला कोण देतंय?"

स्वतःच्या काळजासाठी आब्दिएलने चार वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. निदान बोलायला तरी नाही. बाईंनी सुई उचलली.

"ते रक्त माझं आहे."

सुई थांबली. मेलितोनने आधी घोड्याला पाहिलं, मग जॉकीला.

"गाढवा! मी पोर्तोबेलोच्या काळ्या ख्रिस्ताला नवस बोललोय! घोड्यासाठी!"

"नाव बदलून घ्या."

इस्पितळात त्याच्या छातीला तारा जोडल्या. पडद्यावरची रेघ अडखळत होती. उद्या शर्यतीत बसला असता तर घोडा एकटाच पोचला असता, असं डॉक्टर म्हणाले. निदान तीन महिने खोगीर बंद, आणि फक्त सलाईनवर भागणार नाही, या उलट्यांवरही उपचार घ्यावे लागतील. आब्दिएलने एकच शंका विचारली, "ही पिशवी किती पौंडांची?"

रविवारी त्रांकिलो दुसऱ्या जॉकीला घेऊन सहावा आला. मेलितोनने ते पाहिलं नाही. तो इस्पितळात संडासाच्या दाराला खुर्ची लावून बसला होता. आब्दिएलच्या मांडीवर कोंबडीच्या रश्शाचा वाडगा होता.

अर्धा वाडगा संपला. आब्दिएलने दाराकडे पाहिलं.

"काका, जरा सरकता?"

"नवस आहे," मेलितोन म्हणाला. "जेवणानंतर तासभर हलायचं नाही."

"असा कुठे नवस असतो?"

"नाव बदलताना अटही बदलून घेतली. खा."